फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात पुन्हा युद्ध पेटेल का?

नजीकच्या काळात तरी नाही. दक्षिण अटलांटिकमधली ही बेटं ब्रिटनच्या ताब्यात आहेत आणि अर्जेंटिना त्यांवर हक्क सांगतो; हा वाद मिटलेला नाही, पण १९८२ सारखं युद्ध करण्याची ताकद आज अर्जेंटिनाकडे नाही. तेव्हा बेटांवर मोजके ब्रिटिश मरीन सैनिक होते. त्यात १९८१ मध्ये ब्रिटनने तिथलं एन्ड्युरन्स हे गस्ती जहाज काढून घ्यायचं जाहीर केलं, आणि ब्युनोस आयर्समधल्या अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीला वाटलं की लंडन लढणार नाही, म्हणून तिने बेटांवर हल्ला केला. या चुकीच्या अंदाजापायी ७४ दिवसांत ९०० हून जास्त माणसं गेली. त्यांत अर्जेंटिनाची कित्येक पोरं सक्तीच्या भरतीतली, जेमतेम १८-१९ वर्षांची. आज बेटांवर माउंट प्लेझंटला ब्रिटनचा कायमचा हवाई तळ आहे, टायफून लढाऊ विमानं आहेत. उलट २०१७ मध्ये सान हुआन पाणबुडी ४४ जणांसह बुडाल्यापासून अर्जेंटिनाचं पाणबुडी दल जवळपास संपल्यात जमा आहे. डेन्मार्ककडून घेतलेल्या जुन्या एफ-१६ विमानांनी हे पारडं फिरत नाही. शिवाय अर्जेंटिनाच्या १९९४ च्या राज्यघटनेत माल्विनासवरचा (फॉकलंडला त्यांच्याकडे हेच नाव) हक्क ठामपणे लिहिलाय, पण तो आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार आणि बेटवासीयांची जीवनपद्धती राखून मिळवायचा, असंही तिथेच म्हटलंय. बेटवासीयांचं म्हणाल तर २०१३ च्या सार्वमतात ब्रिटनविरुद्ध फक्त ३ मतं पडली.

एक मात्र खरं: बेटांच्या उत्तरेकडच्या सी लायन क्षेत्रातलं तेल आणि स्क्विडची मासेमारी यांवरून तणाव वाढू शकतो. तो परवाने, निर्बंध, जहाजं अडवणं असा दिसेल. ब्रिटनने तळावरची फौज खरोखर कमी केली, तर मात्र माझं हे उत्तर बदलेल.