‘हे हिच्या माहेरचं आलं का?’

मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, निघाला की उपचाराचं राहतं बाजूला, घरात आधी एकच चर्चा सुरू होते: हे आलं कोणाकडून? दर्यापूरकडच्या एका कुटुंबात तर आजीनं विचारलंही नाही, थेट निकालच दिला. "आमच्या खानदानात असं कोणाले नाही जी. हे हिच्या माहेरचं."

सून काही बोलली नाही. मांडीवरच्या साडेतीन वर्षांच्या पोराचा गुडघा तेवढा सावरून धरला. पोरगं अंगणात घसरलं होतं. ना खरचटलं, ना रक्ताचा थेंब, पण रात्रीतून गुडघा टम्म फुगला. घरच्यांनी गरम तेलानं चोळला, तशी सूज आणखी वाढली. आपल्या भागात लेकराचा सांधा सुजला की आधी सिकलसेलच आठवतो, तोही रक्ताचा आनुवंशिक आजार. ती तपासणी निगेटिव्ह आली. प्लेटलेट नॉर्मल. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या दोन तपासण्यांपैकी पीटी नॉर्मल, पण एपीटीटी लांबलेला. मग फॅक्टर ८ हा रक्त गोठवणारा घटक मोजला, तो एक टक्क्याच्याही खाली. म्हणजे तीव्र हिमोफिलिया ए. फॅक्टर ९ कमी असतो तो बी.

आता आजी. बरं, त्यांचं अर्धं खरंही होतं. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला वाय बापाकडून मिळतो आणि एक्स आईकडून, म्हणून मुलात हा आजार येतो तो आईकडच्या एक्सवरून. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच तो नसतो, बदल नव्यानेच झालेला असतो. इथे तसं नव्हतं. सुनेला खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिच्या आईचा एक भाऊ दात पडल्यावर रक्त थांबेना म्हणून लहानपणीच गेला. घरात त्याला करणी म्हणत.

हे आजीसमोर सांगायचं म्हणजे तिच्या हाती काठीच द्यायची. पण लपवून चालणार नव्हतं. मी आजीला विचारलं, "तुमची सिकलसेलची तपासणी झाली आहे ना? काय निघालं?"

"वाहक हावो मी." म्हणजे स्वतःला आजार नाही, पण दोष पुढच्या पिढीला जाऊ शकतो.

"मग त्यात तुमचा काय दोष?"

"माह्या काय दोष? ते तं रक्तातच हाय."

"सुनेचंही तसंच आहे, आजी." यावर आजीचा मुलगा पहिल्यांदा बोलला, "आता हे माहेर-सासर बंद कर, माय."

मग कामाचं बोलणं सुरू झालं. सांधा सुजला की चोळायचं नाही, शेकायचं नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ, आराम, आणि लवकरात लवकर फॅक्टरचं इंजेक्शन. डोक्याला मार लागला तर पोरगं हसत-खेळत असलं तरी थांबायचं नाही: आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. गावातल्या डॉक्टरला आधीच सांगून ठेवायचं की कमरेवर सुई नको, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन नको. तापाला पॅरासिटामॉल चालतं. लसी चुकवायच्या नाहीत, फक्त बारीक सुईनं देऊन जागा बराच वेळ दाबून धरायची. रक्तस्राव व्हायची वाट न पाहता ठराविक दिवसांनी फॅक्टर देत राहणं सगळ्यात चांगलं, नाहीतर तोच गुडघा पुन्हा पुन्हा भरून कायमचा आखडतो. हिमोफिलिया ए साठी एमिसिझुमॅब हे कातडीखाली द्यायचं इंजेक्शनही आहे, ते मिळेल का हे हिमोफिलिया केंद्रावर विचारायला सांगितलं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात हिमोफिलिया आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करायलाही सांगितलं.

पुढच्या बाळंतपणाचं सुनेनं हळूच विचारलं. दर वेळी मुलगा झाला तर आजाराची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर वाहक असण्याची निम्मी. एकाला झाला म्हणून दुसरा सुटला, असा हिशेब नसतो. गरोदरपणात साधारण ११ व्या आठवड्यानंतर गर्भाची तपासणी करता येते, पण त्याआधी आईच्या जीनमधला नेमका बदल सापडलेला लागतो.

पुढच्या भेटीला ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. बहिणीचं लग्न ठरत होतं. तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. फॅक्टरची पातळी नॉर्मल आली तरी वाहक नाही असं म्हणता येत नाही, म्हणून जीनची तपासणी करायला सांगितली. पाळीत फार रक्त जातं का, हेही विचारलं. वाहक बायकांनाही तो त्रास असू शकतो. "जातं," ती म्हणाली, "पण ते तं सगळ्यायलेच जाते ना?" फॅक्टरची पातळी त्याच दिवशी मोजायला दिली.

जीनचा रिपोर्ट यायचा आहे. मुलाकडच्यांना सांगायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं. मला विचारलंत तर सांगावं, पण एकटीनं नाही. त्या मुलाला घेऊन माझ्याकडे यावं.