ग्रिल्ड चिकन-अननस सॅलड पहिल्यांदा करताय? हे वाचा
अगं पहिल्यांदाच करतेयस तर ब्रेस्टच्या नादी लागू नकोस, बोनलेस थाय घे, जरा जास्त भाजलं गेलं तरी कोरडं पडत नाही. मीठ, लिंबू, लसूण, मिरपूड लावून अर्धा तास ठेव पण त्यात कच्च्या अननसाचा रस अजिबात घालू नको हं, त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम मांसातली प्रथिनं तोडतं आणि रात्रभर ठेवलंस तर चिकनचा पार लगदा होतो, माझा झालाय एकदा. अननसाच्या चकत्या वेगळ्या, ग्रिल पॅनवर डाग पडेपर्यंत भाज, काय सुंदर लागतात! चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की उतरव, ५ मिनिटं तसंच राहू दे मगच काप. सॅलडवरच पोटभर जेवण भागवायचं असेल तर त्यात मूठभर उकडलेले छोले टाक. लेट्यूस धुऊन नीट कोरडं कर आणि ड्रेसिंग अगदी वाढताना.