‘ओतेल’ म्हणजे हॉटेल नव्हे. मग वाडा म्हणावं का?

प्रश्न असा : फ्रान्समधल्या तुलूझ शहरावरच्या एका मराठी लेखात ‘हॉटेल द असेझा ही सोळाव्या शतकातली संरक्षित वास्तू’ असं वाचलं. हे खरंच हॉटेल होतं का? नसेल, तर मराठीत काय म्हणायचं : हवेली, वाडा की गढी?

हॉटेल नव्हे. या शब्दाचा फ्रेंच उच्चार ‘ओतेल’. पूर्ण शब्द ‘ओतेल पार्तिक्युलिए’, म्हणजे शहरातल्या बड्या असामीचं खासगी राहतं घर. नावात ‘पार्तिक्युलिए’ गळतो, नुसतं ‘ओतेल’ उरतं आणि आपली फसगत होते. फ्रेंचमध्ये ‘ओतेल द व्हील’ म्हणजे तर चक्क नगरपालिकेची इमारत! मुळाशी लॅटिन ‘होस्पेस’ आहे. पाहुण्यालाही तोच शब्द, यजमानालाही तोच. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही सगळी त्याचीच पिल्लावळ, आणि पोर्तुगीजांकडून आलेलं आपलं इस्पितळही. फ्रेंच लिपीत या शब्दातल्या ‘ओ’वर टोपी असते, ती गळून गेलेल्या ‘स’ची खूण. मराठीत हॉटेल म्हटलं की मुक्कामाच्या आधी मिसळ आठवते, त्यामुळे आपल्याकडे घोटाळा दुप्पट.

आता हे घर. पिएर द असेझा हा तुलूझचा व्यापारी. धंदा ‘पस्तेल’चा, म्हणजे पानांपासून निळा रंग देणाऱ्या झाडाचा. पानं दळून, त्यांचे गोळे वळून, वाळवून पुढे रंगासाठी विकली जात. पुढे हिंदुस्थानातली नीळ युरोपात आली आणि तिच्यापुढे या पस्तेलचा टिकाव लागला नाही. पण 1555 च्या सुमारास धंदा तेजीत होता, तेव्हा असेझाने निकोला बाशलिए या वास्तुकाराकडून घर बांधायला घेतलं. काही वर्षांतच, 1562 च्या धार्मिक दंगलीत, प्रॉटेस्टंट पंथाच्या असेझाला शहर सोडावं लागलं.

रस्त्यावरून दारातून आत गेलं की मधोमध चौक. त्याच्या दर्शनी भिंतींवर तीन मजले जोडखांब. खांबांच्या तीन ग्रीक शैली : खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. बांधकाम तांबड्या विटांचं, दगड मोजक्या जागी, कारण तुलूझजवळ दगडाच्या खाणी नाहीत. म्हणजे भिंतीत जितका दगड, तितका मालकाचा तोरा. कोपऱ्यात जिन्याचा उंच मनोरा.

चौक, भक्कम दार, रस्त्याकडे पाठ करून आत तोंड केलेलं घर : एवढं जुळल्यावर मी ‘वाडा’च म्हणेन. ‘गढी’ नको, तिला उंच जागा आणि बुरूज लागतात. ‘हवेली’ चुकीची नाही, पण मराठी कानाला ती उत्तरेकडची वाटते (पुण्याचा हवेली तालुका असूनही!). ‘राजवाडा’ तर मुळीच नको, मालक राजा नव्हता. बंगल्याला चौक नसतो. वाड्याची एक अडचण आहे : तो शब्द वस्तीलाही लागतो. पण ‘असेझा वाडा’ म्हटल्यावर कुणी वस्ती समजणार नाही.

‘संरक्षित’ मात्र बरोबर आहे. 1914 मध्ये तो ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत गेला. आज तिथे बेम्बर्ग प्रतिष्ठानाचा चित्रसंग्रह आहे, त्यामुळे तिकीट काढून आत जाता येतं. लेखात पहिल्या उल्लेखात ‘ओतेल द असेझा, म्हणजे असेझाचा वाडा’ असं लिहावं आणि पुढे नुसतं ‘वाडा’.