घरगुती मोदक-फराळाच्या पेजवर रोज पोस्ट टाकूनही ऑर्डर का येत नाहीत?

ताई, तुम्ही लिहिलंय की कासारवडवलीला घरून उकडीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ करता, इन्स्टाग्रामवर रोज काही ना काही टाकता, एक रील चांगलीच चालली, पण ऑर्डरी आल्या त्या सोसायटीतल्याच. पेज सांभाळायला एजन्सीला पैसे द्यावेत का, असंही विचारलंय. मी ठाण्यातल्या छोट्या दुकानांची पेजेस सांभाळतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

आधी व्ह्यूज बाजूला ठेवा. इनसाइट्समध्ये, म्हणजे पेज कोण बघतं त्याच्या आकडेवारीत जा आणि फॉलोअर्स कोणत्या शहरातले आहेत ते बघा. त्या यादीत ठाण्याच्या वर पुणे, नागपूर, दिल्ली दिसत असेल तर दुखणं तिथेच आहे. नागपूरची बाई तुमचा मोदक बघून बदाम टाकेल, पण तिच्या ताटात तो पोचणार कसा? लाडू-चकल्या कुरियरने जातील. मोदकाचा डबा मात्र माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की नौपाड्यात जाईपर्यंत गार होतो, पारीही कडक व्हायला लागते. मोदकांपुरतं तुमचं गिऱ्हाईक घोडबंदर रोडवरचं गायमुख ते माजिवडा एवढंच, आणि पेज चालवताय अख्ख्या देशासाठी. ते ट्रेंडिंग गाणं, ते ढीगभर इंग्रजी हॅशटॅग, सगळं त्यातूनच येतं. (गाण्याचं म्हणाल तर बिझनेस अकाउंटला धंद्यासाठी सगळी गाणी वापरायची परवानगी नसते, आवाज कधी बंद होईल सांगता येत नाही. त्यापेक्षा मोदकपात्राचं झाकण उघडतानाचा आवाज ठेवा.)

आता बायो, म्हणजे पेजवर नावाखाली असते ती ओळख. 'फूडी, ड्रीमर, मेड विथ लव्ह' याने कुणाच्या पोटात काय जातं? त्याजागी लिहा: 'उकडीचे मोदक व फराळ, कासारवडवली, ठाणे प. ऑर्डर एक दिवस आधी. घोडबंदर रोडला घरपोच.' खाली व्हॉट्सॲपची लिंक. संपलं.

सगळ्यात महागात पडते ती 'प्राइस इन डीएम', म्हणजे 'दर मेसेज करून विचारा' ही सवय. रात्री सगळं आवरून मोबाईल घेऊन बसलेली बाई दर विचारायला मेसेज करत नाही. 'लपवतेय म्हणजे महागच असणार' म्हणते आणि पुढे सरकते. दर फोटोवरच टाका: अकरा नग इतक्याला, एकवीस इतक्याला, घरपोचचे वेगळे. गणपतीच्या आठवड्यात ऑर्डर कधी बंद होणार तेही. दर वाचून चार जणी गळतील, गळू देत. त्या विचारूनही घेणार नव्हत्या.

व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग भरून ठेवा. मात्र ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. डब्यासोबत चिठ्ठी द्या, नंबर सेव्ह करायला सांगा. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी केली नसेल तर ती आधी करा आणि १४ आकडी नंबर पेजवर दिसू द्या. अनोळखी माणूस घरगुती खाणं मागवताना ते बघतो.

पैसे टाकून पोस्ट बूस्ट करायची तर नकाशावर आपलं ठिकाण धरून काही किलोमीटरचाच घेर निवडा. 'महाराष्ट्र' निवडलंत तर पैसे पाण्यात. विकतचे फॉलोअर्स तर अजिबात नकोत, ते मोदक खात नाहीत. फूड ब्लॉगरला फुकट डबा देऊन रील करून घेणार असाल तर तिने 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहायला हवं. फुकट दिलेली वस्तूही मोबदल्यातच धरली जाते, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचनाच काढल्या आहेत.

आणि एजन्सी? एवढ्यात नको. महिन्याला बारा सुबक ग्राफिक्स मिळतील, त्यात तुमचा एकही मोदक नसेल, नेटवरचा फोटो असेल. पुढे कधी दिलंच काम, तर अकाउंट तुमच्याच ईमेलवर आणि मोबाईल नंबरवर असू द्या, त्यांना फक्त ॲक्सेस द्या. नौपाड्यातल्या एका साडीवाल्यांचं पेज एजन्सीने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. पैशांवरून वाजलं तेव्हा फॉलोअर्ससकट पेज गेलं, आणि त्यांना ऐन लग्नसराईत शून्यापासून सुरुवात करावी लागली.