स्मॉशचे गेमिंग चॅनेल एवढे का वाढले, आणि कोल्हापुरातील आमच्या विनोदी गटाने तसे चॅनेल काढावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही चौघे मित्र कोल्हापुरात विनोदी प्रहसने चित्रित करून यूट्यूबवर टाकता, प्रेक्षक बऱ्यापैकी जमला आहे, आणि आता स्मॉश या अमेरिकी विनोदी गटाप्रमाणे गेम खेळण्याचे वेगळे चॅनेल काढावे असे दोघांना वाटते, तर उरलेल्या दोघांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मी येथेच व्हिडिओ संकलनाचे काम करतो आणि गेमिंगचे बरेच चित्रीकरण माझ्या हातून गेले आहे, म्हणून उत्तर देत आहे. माझे मत आधीच सांगतो. स्मॉश गेम्सच्या वाढीत गेमचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी होता, आणि पुढे जी पडझड झाली तिचे मूळ मालकीच्या कागदांत होते.

अँथनी पडिलाने स्मॉश नावाचे संकेतस्थळ २००२ मध्ये काढले आणि कॅलिफोर्नियातील त्याचा शाळासोबती इयन हेकॉक्स त्याला येऊन मिळाला. नोव्हेंबर २००५ मध्ये, म्हणजे यूट्यूब नुकतेच सुरू झाले होते तेव्हा, पोकेमॉनच्या शीर्षकगीतावर दोघांनी नुसते ओठ हलवून केलेला व्हिडिओ प्रचंड पाहिला गेला. काही काळ तो यूट्यूबवरील सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ होता. २००७ मध्ये स्वामित्वहक्काच्या तक्रारीमुळे तो काढावा लागला. तरीही दर शुक्रवारी एक प्रहसन टाकण्याचा त्यांचा नेम सुटला नाही आणि प्रेक्षक वाढत राहिला. २०११ मध्ये अलॉय डिजिटल या कंपनीने स्मॉश विकत घेतले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये स्मॉश गेम्स हे स्वतंत्र चॅनेल सुरू झाले.

ही वेळ महत्त्वाची आहे. तोवर यूट्यूब एखादा व्हिडिओ पुढे ढकलायचा की नाही हे मुख्यतः तो किती वेळा उघडला गेला यावरून ठरवत असे. २०१२ च्या मार्चमध्ये सुचवल्या जाणाऱ्या व्हिडिओंसाठी आणि ऑक्टोबरमध्ये शोधासाठी हे माप बदलले आणि प्रेक्षक किती वेळ पाहत राहतो याला वजन आले. चार-पाच मिनिटांच्या प्रहसनासाठी आठवडाभर लेखन, पोशाख, चित्रीकरण आणि संकलन करणाऱ्या गटांना हा बदल जड गेला. उलट चार जण एका सोफ्यावर बसून गेम खेळतात, बोलतात, भांडतात, असा पंधरा-वीस मिनिटांचा भाग एका दुपारी चित्रित होतो आणि त्याची संहिता लिहावी लागत नाही. नव्या मापाला हा प्रकार नेमका मानवला. ऑगस्ट २०१३ मध्ये प्यूडीपाय या एकट्या गेमरने सदस्यसंख्येत स्मॉशच्या मुख्य चॅनेललाच मागे टाकले, तेव्हा वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे कोणालाही कळण्यासारखे होते.

पण वारे सर्वांसाठीच वाहत होते आणि त्या काळात निघालेली कितीतरी गेमिंग चॅनेले आज कोणाच्या लक्षातही नाहीत. स्मॉश गेम्सने वेगळे काय केले, तर माणसे निवडली. पडिला आणि हेकॉक्स अधूनमधून येत, पण चॅनेलचा रोजचा भार मारी ताकाहाशी, जोव्हेनशायर म्हणून ओळखला जाणारा जोशुआ ओव्हनशायर, मॅट सोहिंकी आणि लेसरकॉर्न या नावाने वावरणारा डेव्हिड मॉस यांच्यावर होता. प्रत्येकाचा स्वभाव प्रेक्षकाला थोड्याच भागांत ओळखीचा होई, म्हणजे डाव गेल्यावर कोण चिडणार, कोण कोणाची खोडी काढणार आणि कोण शेवटपर्यंत शांत बसणार, याची अटकळ पाहणारा बांधू लागे. गेम बँग या त्यांच्या मुख्य मालिकेत हरणाऱ्याला काहीतरी लाजिरवाणी किंवा किळसवाणी शिक्षा भोगावी लागे. माझ्या मते ही शिक्षा हीच त्या मालिकेची खरी कारागिरी होती. गेम कोणताही असो, आणि तो पाहणाऱ्याला कळो न कळो, आता कोणाला काय भोगावे लागणार ही उत्सुकता भागाच्या शेवटापर्यंत टिकत असे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. खासबाग मैदानात दोन मल्ल बराच वेळ नुसती खडाखडी करत असताना गर्दी जागची हलत नाही, याचे निम्मे श्रेय हलगीला आणि निम्मे समालोचकाला द्यावे लागते. कोण कोणत्या तालमीचा, कोणाचा वस्ताद कोण, मागच्या खेपेस कोणी कोणाला चितपट केले होते, हे तो सांगत राहतो आणि पाहणाऱ्याला त्या खडाखडीत अर्थ दिसू लागतो. गेमिंगच्या व्हिडिओत खेळणाऱ्यालाच समालोचक व्हावे लागते. माझ्याकडे संकलनासाठी येणाऱ्या चित्रीकरणात बहुधा हेच नसते. मुले उत्तम खेळतात, परंतु सलग कित्येक मिनिटे 'इकडे ये, कव्हर दे' यापलीकडे एक वाक्य कोणी बोलत नाही, आणि अशा चित्रीकरणातून संकलक काहीही निर्माण करू शकत नाही.

भारतात याचे सर्वांत ठळक उदाहरण बुद्धिबळाचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत कार्यक्रम बंद पडले तेव्हा समय रैना हा विनोदवीर बुद्धिबळ खेळताना थेट प्रक्षेपण करू लागला. पुढे त्याच्यासोबत इतर विनोदवीर आले आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथीही आला. रैना त्या खेळात नवखा होता आणि ते तो लपवत नव्हता. तज्ज्ञ माणूस डोक्याला हात लावतो आणि नवखा पुन्हा तीच चूक करतो, या जोडीमुळे बुद्धिबळाशी काही देणेघेणे नसलेली तरुण मुलेही ते पाहू लागली. त्यामुळे 'आम्ही फार चांगले खेळत नाही' ही तुमच्यापैकी एकाची शंका मी बाजूला ठेवतो. चौघांपैकी एकाला खेळ नीट येत असला तर पुरे.

आता पडझडीविषयी. अलॉय डिजिटल आणि ब्रेक मीडिया यांचे २०१३ मध्ये विलीनीकरण होऊन डेफी मीडिया ही कंपनी झाली. स्मॉश विकताना आपल्याला रोख रकमेऐवजी कंपनीचे समभाग मिळाले होते, असे पडिलाने २०१७ मध्ये बाहेर पडल्यानंतर सांगितले. नोव्हेंबर २०१८ मध्ये डेफी अचानक बंद पडली, तेव्हा त्या समभागांना काही मोल उरले नाही. स्मॉश गेम्सवर जन्मलेली ऑनेस्ट गेम ट्रेलर्स ही लोकप्रिय मालिका दुसऱ्या कंपनीकडे गेली, आणि मूळचे चौघेही त्या काही वर्षांत एकेक करून बाहेर पडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मिथिकल एंटरटेनमेंट या कंपनीने स्मॉश घेतले म्हणून ते तगले, आणि जून २०२३ मध्ये पडिला व हेकॉक्स यांनी बहुसंख्य हिस्सा परत विकत घेतला. आज स्मॉश गेम्स चालते ते नव्या मंडळींवर, आणि त्यात व्हिडिओ गेमइतकेच टेबलावर मांडून खेळायचे खेळही असतात. मला तर हा टप्पा पहिल्यापेक्षा अधिक आवडतो, कारण पडद्यापेक्षा समोरासमोर बसलेल्या माणसांचे चेहरे अधिक बोलतात. तुम्ही कॅरमवरही अशी मालिका करू शकता, आणि त्यासाठी महागडा संगणक लागणार नाही.

तुमच्यासाठी काही गोष्टी. मराठी विनोदाला यूट्यूबवर प्रेक्षक आहे हे भाडिपा या मराठी चॅनेलने २०१६ पासून दाखवून दिले आहे, तेव्हा गेमिंगसाठी हिंदीकडे वळू नका. तुमच्या प्रहसनांत जी कोल्हापुरी बोली आहे तीच येथेही चालू द्या, कारण चिडल्यावर माणूस जे बोलतो ते त्याच्या घरच्या भाषेतच खरे वाटते. एकाच गेमवर चॅनेल उभे करू नका. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला, आणि त्या मधल्या काळात केवळ तोच गेम खेळणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. पैसे लावून खेळायच्या रमी किंवा फँटसी ॲपची जाहिरात कोणी देऊ केली तर ती घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने अशा गेमसह त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घातली आहे आणि जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

वेगळे चॅनेल लगेच काढावे असे मला वाटत नाही. स्मॉशला ते परवडले, कारण मुख्य चॅनेलवरून पाठवता येईल एवढा अफाट प्रेक्षक त्यांच्या हाताशी होता. जाहिरातींचे उत्पन्न मिळण्यासाठी यूट्यूब एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण मागते, आणि नव्या चॅनेलला तो हिशेब शून्यापासून मांडावा लागतो. आधी काही महिने आहे त्याच चॅनेलवर ठरलेल्या वारी एक भाग टाका. प्रहसने पाहणारे लोक तेथे थांबतात की निघून जातात हे यूट्यूब स्टुडिओतील आलेखावरून दिसेल, आणि चौघांपैकी कोणाची जोडी जमते हेही कळेल. वेगळे काढायची वेळ आलीच तर ते खाते कोणा एकाच्या खासगी ईमेलवर उघडू नका. ब्रँड अकाउंटला एकाहून अधिक मालक ठेवता येतात, त्यात चौघांनाही घ्या. ॲडसेन्सचे, म्हणजे यूट्यूबवरील जाहिरातींचे, पैसे मात्र एकाच बँक खात्यात जमा होतात, म्हणून वाटणी कशी करायची आणि एखादा बाहेर पडला तर त्याच्या वाट्याचे काय करायचे, हे पहिला भाग टाकण्याआधी करारपत्रावर लिहून चौघांच्या सह्या घ्या.