थांबलेली सायकल पुन्हा सुरू करताना

सायकल २ वर्षं भिंतीला टेकून आहे, रोज रात्री ‘उद्या नक्की’ ठरतं आणि सकाळी वेळ, ऊन, थकवा यातलं काहीतरी आडवं येतं, हा आळस घालवायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. मला यातला ‘आळस’ हा शब्दच पटत नाही. ज्याला खरंच कंटाळा आलाय तो माणूस २ वर्षांनी असा प्रश्न विचारत बसत नाही.

माझी सायकल ३ वर्षं बंद होती. कुणी विचारलं की ‘वेळ नाही’ हे उत्तर तयार असायचं. मग एका रविवारी दिवसभर मोकळा असूनही गेलो नाही, तेव्हा नेमकं अडतंय कुठे ते पाहिलं. मागचं चाक बसलेलं, पंप कुठल्या खोक्यात आहे ते आठवत नव्हतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, जो चढ पूर्वी एका दमात चढायचो तिथे आता उतरून सायकल ढकलावी लागेल, ही धास्ती. वेळेचा संबंधच नव्हता.

पंपाचं काम सोपं. पण दुरुस्ती आणि फेरी एकाच दिवशी ठरवू नका, नाहीतर दुरुस्तीतच उत्साह संपतो. रबरी ट्यूबमधून पंक्चर नसतानाही हळूहळू हवा जाते, त्यामुळे बसलेलं चाक म्हणजे पंक्चरच असं नाही. टायरच्या कडेला हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो, त्या मर्यादेत हवा भरा आणि रात्रभर ठेवा. टायरच्या कडांना भेगा पडल्या असतील तर मात्र तो बदलाच. ब्रेक दाबून पाहा, चेन पुसून तेल द्या आणि वरचं जास्तीचं तेल फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर त्यावर धूळ चिकटते.

सीटची उंचीही तपासा. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली की पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सायकल बंद पडलेल्या कितीतरी जणांचं ‘गुडघे दुखतात’ हे कारण खोटं नसतं, सीट खाली असते आणि गिअर जड असतो. हलक्या गिअरवर मिनिटाला पॅडलचे ७० ते ९० फेरे पडू द्या. बूड दुखेल, पण नियमित चालवलीत तर साधारण दोनेक आठवड्यांत ते सरावतं.

चढाच्या धास्तीवर माझ्याकडे एकच उपाय आहे: जुने आकडे पाहू नका. सराव थांबला की थोड्याच आठवड्यांत रक्तातला द्रव घटतो आणि दम लवकर लागतो. पण पुन्हा सुरुवात केल्यावर लवकर भरून येणाऱ्या गोष्टींपैकीही हीच एक. म्हणून पहिल्या फेरीतल्या धापेवरून स्वतःची परीक्षा करू नका. (हृदयाचा त्रास असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.)

पहिली फेरी १० मिनिटांची, सपाट रस्त्यावर. आणखी जावंसं वाटलं तरी परत या, म्हणजे दुसऱ्या दिवशी ओढ शिल्लक राहते. एवढ्याशानं काय होणार, असं वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायाम सलग निदान १० मिनिटं हवा ही जुनी अटसुद्धा काढून टाकली.

एखादा दिवस हुकला की ‘गेलंच सगळं’ असं वाटतं, माझंही असंच दोनदा मोडलं होतं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६ होता. आणि एखादी खेप चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

त्या चढावर मी पाचव्या आठवड्यात गेलो. सगळ्यात हलक्या गिअरवर, मध्ये दोनदा थांबून. तुम्ही आज रात्री फक्त हवा भरा आणि सकाळी अंगठ्यानं टायर दाबून पाहा.