कोरल पांढरं पडलं, आता काय?

उन्हाळा लागला की घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांच्या त्याच शंका फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदाच देतो.

कोरल पांढरंफटक झालं. मेलं का? (पुलगाव)

भिंग घेऊन बघा. सांगाड्यावर पारदर्शक मांस असेल, रात्री तंतू बाहेर येत असतील, तर जिवंत आहे. आतलं रंगीत शेवाळ तेवढं सोडून गेलंय. सांगाडा उघडा पडून हिरवा झाला, तर तो भाग गेला. फांद्यांच्या कोरलचं मांस बुडाकडून सोलत चाललं असेल, तर जिवंत भागात एक सेंटिमीटर वर कापून तुकडा वेगळा लावावा लागतो. पण आधी जाणकाराला फोटो दाखवा, तेही पांढऱ्या उजेडातले. निळ्या दिव्यात काढलेल्या फोटोत काही कळत नाही.

उजेड वाढवला तर रंग लवकर येईल? (वणी)

नाही. निम्मा करा. रंग दिसू लागला की आठवड्याला पाच टक्के वाढवा.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकतो. दुकानदार चालतं म्हणाला, तरी कोरल मिटलेलंच. (काटोल)

दुकानदाराचं काय जातं? पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो गाळलेल्या पाण्यात थोडं बोअरचं पाणी परत मिसळतो. कुठे मिनरल कार्ट्रिज असतं. पाणी गोड लागतं आणि टीडीएस मीटर 60-80 दाखवतं. त्या 60 मध्ये नायट्रेट आहे की सिलिका, हे मीटर सांगत नाही. बोअरच 900 चं असेल, तर चांगल्या मेम्ब्रेननंतरही (आरओची मुख्य गाळणी) 50 च्या आसपास उरतंच. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, बाकी सगळं टाकीतच राहतं. रोज भर घालत गेलात की साठत जातं. कंट्रोलरच्या आधीची नळी काढा, तिला डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचं) कार्ट्रिज जोडा. मीटरवर शून्य आलं तरच ते पाणी टाकीत. शून्य सुटलं की रेझिन बदला, ‘पुढच्या महिन्यात बघू’ नको. मग आठवड्याला दहा टक्के पाणी बदला: दहा लिटरला साधारण 350 ते 380 ग्रॅम रीफ सॉल्ट (कोरलच्या टाकीसाठीचं मीठ), रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) 1.025, तापमान टाकीइतकंच. सगळं पाणी एकदम बदललंत, तर उरलंसुरलंही जाईल.

मे महिन्यात पाणी 31 अंशांवर जातं. बर्फ टाकू का? (मूल)

सुटा बर्फ नको. झाकण काढून पाण्यावर पंखा सोडा. आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. त्याच बंद खोलीत कुलर लावलात, तर हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग घटतो. शंभर लिटरच्या टाकीतून तीन लिटर उडाले की खारटपणा (लिटरला ग्रॅम मीठ) 35 चा 36 होतो, म्हणून रोज शून्य टीडीएसचं पाणी घाला, खारं नाही. लाइन गेली तर आधी बॅटरीचा एअर पंप लावा. एवढं करूनही पाणी 28 च्या खाली येत नसेल, तर चिलरचं (पाणी थंड करणारं यंत्र) विचारा.

‘कोरल बूस्टर’ची बाटली घेतली. किती थेंब? (दारव्हा)

शून्य. आधी पाण्यातली अल्कलिनिटी (कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात मोजतात), कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासा. अल्कलिनिटी 7 डीकेएचच्या खाली असेल, तर शंभर लिटरला तीन ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घातला की साधारण एक डीकेएच वाढते. दिवसाला त्याहून जास्त नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध मात्र या टाकीत कधीच नको.

हे गेलं तर दुसरं कुठून आणू? (चिखली)

दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. बिल न देता, ‘रामेश्वरमचा माल’ म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. शंका असेल तर पैसे मोजण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा.